व्हाया दादर, व्हाया हायबरी

तीस वर्षं माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात एक पास असायचा. डोंबिवली ते चर्चगेट, व्हाया दादर. मध्य रेल्वेने दादरला यायचं, पूल चढायचा, पश्चिम रेल्वेची गाडी पकडायची. गाड्या दोन, पास एक, कारण त्यावर ‘व्हाया दादर’ असं छापलेलं. चर्चगेटला उतरून बेस्टची बस घेतली तर मात्र तिचे पैसे वेगळे, आणि बस बदलली तर पुन्हा वेगळे. त्यामुळे २०२५ च्या जूनमध्ये आम्ही दोघं भाचीकडे लंडनला गेलो, तेव्हा माझं अर्धं लक्ष राजवाड्यांकडे होतं आणि अर्धं तिथल्या कार्डाकडे. राजवाड्यांवर पुष्कळांनी लिहिलंय. मी कार्डाबद्दल लिहिते.

पहिला दिवस, शनिवार

हीथ्रोला भुयारी रेल्वेच्या स्टेशनात मशिनवरून दोन ऑयस्टर कार्डं घेतली. कार्डाचे तेव्हा सात पौंड, ते परत मिळत नाहीत, वर प्रवासासाठी पैसे भरायचे. भाचीने फोनवर बजावलं होतं, “मावशी, दोघांना दोन कार्डं. एका कार्डावर दोघं जाता येत नाही. आणि आत जाताना जे कार्ड टेकवशील तेच बाहेर पडताना टेकव.” बँकेचं कार्ड थेट टेकवलं तरी चालतं. पण परदेशात बँकेचं कार्ड सारखं बाहेर काढायला ह्यांचं मन घेईना, म्हणून निळं ऑयस्टर.

भाची राहते वॉल्थमस्टोला, शहराच्या ईशान्येला. व्हिक्टोरिया लाइनचं शेवटचं स्टेशन. हीथ्रोहून पिकॅडिली लाइन घ्यायची आणि फिन्सबरी पार्कला बदलायची. दोन मोठ्या बॅगा घेऊन जिने चढायचे या कल्पनेनेच माझे गुडघे दुखायला लागले होते. फिन्सबरी पार्कला उतरलो तर समोर, त्याच फलाटाच्या पलीकडच्या कडेला, व्हिक्टोरिया लाइनची गाडी. आठ-दहा पावलं. जिना नाही, गेट नाही, तिकीट दाखवणं नाही.

वॉल्थमस्टोला बाहेर पडताना कार्ड टेकवलं आणि दोन गाड्या मिळून ५.८० पौंड कापले गेले. शनिवार असूनही गर्दीच्या वेळेचा दर, कारण हीथ्रो आणि शहराचा मधला भाग यांच्यामधल्या प्रवासाला कोणत्याही दिवशी तोच दर लागतो. रुपयांत साडेसहाशेच्या वर. महाग आहेच, त्याबद्दल दुमत नाही. पण शहराच्या पश्चिम टोकाकडून ईशान्येपर्यंत आलो आणि गाडी बदलल्याचा एक पेनीही वेगळा लागला नाही, हे मी डायरीत त्याच रात्री लिहून ठेवलं.

दुसरा दिवस, रविवार

आज फक्त बस. माझी अटच होती.

लंडनच्या बसमध्ये ६ जुलै २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. कंडक्टर नाही, तिकीट नाही, सुट्ट्यांचा प्रश्न नाही. पुढच्या दाराने चढायचं, ड्रायव्हरजवळच्या पिवळ्या गोलावर कार्ड टेकवायचं, टुक् असा आवाज येतो आणि हिरवा दिवा लागतो. उतरताना काही करायचं नाही. भाडं एकच, तेव्हा १.७५ पौंड, एका स्टॉपसाठीही आणि शेवटच्या स्टॉपसाठीही.

वॉल्थमस्टोच्या बस स्टेशनातून आम्ही ५५ नंबर पकडली. ही ली ब्रिज, क्लॅप्टन, हॅकनी करत थेट ऑक्सफर्ड सर्कसला जाते. वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळाली. मी वहीत वेळ लिहिली, १०.४२. हॅकनीला उतरून एंजलला जाणाऱ्या ३८ नंबरसाठी स्टॉपवर उभे राहिलो. शेजारी एक कॅरिबियन आजी चाकाची पिशवी घेऊन बसल्या होत्या. पिशवीतून केळ्यांचा घड आणि रताळी डोकावत होती. मी वही काढून घड्याळ बघतेय हे पाहून त्यांनी विचारलं, काय लिहितेस? मी सांगितलं, तासाचा हिशोब. त्या खुलल्या. म्हणाल्या, मी दर रविवारी हेच करते. घरून निघताना कार्ड टेकवते, बाजार उरकते आणि तासाच्या आत परतीची बस पकडते. जायचं-यायचं एका भाड्यात.

याला इथे हॉपर म्हणतात. महापौर सादिक खान यांच्या कारकिर्दीत सप्टेंबर २०१६ मध्ये ही सोय सुरू झाली. तेव्हा तासात एकच बस बदलता येत होती. जानेवारी २०१८ पासून कितीही बदला, तीच बस परत घ्या, मध्ये भुयारी रेल्वेने दोन स्टेशनं जाऊन या, पहिल्या टेकवण्यापासून तासाच्या आत जी बस चढाल तिला पैसे नाहीत. तास मोजायचा तो चढण्यापर्यंतचा. शेवटच्या बसमध्ये नंतर दीड तास बसून राहिलात तरी हरकत नाही.

३८ मध्ये चढलो तेव्हा ११.२५ झाले होते. टुक्. हिरवा दिवा. पैसे शून्य.

वरच्या मजल्यावर बसून मी ह्यांना म्हटलं, आपल्याकडे ९ मे ला काय झालं आठवतंय ना? बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं, आम्ही निघायच्या जेमतेम महिनाभर आधी. भाडं वाढण्याचं मला समजतं. बस चालवायला पैसा लागतो, २०१९ पासून पाच रुपयांत ती चालवणं सोपं नव्हतं. पण ज्या बाईच्या घरून कामाच्या ठिकाणी थेट बस नाही, तिला दोन बस म्हणजे दोनदा दहा. थेट बस असणाऱ्या शेजारणीला त्याच अंतराला कमी लागतात. बस बदलावी लागते हा काही तिचा शौक नाही. मार्ग आखणाऱ्यांनी तिच्या दारावरून बस नेली नाही, एवढंच. बदलण्याचा त्रास तिने सोसायचा आणि वर भाडंही तिनेच जास्त द्यायचं, हे मला नोकरीच्या सगळ्या वर्षांत कधी पटलं नाही. आणि तो प्रश्न पैशाने सोडवता येतो हे मी त्या दिवशी ३८ नंबरच्या वरच्या मजल्यावर पाहिलं.

परतताना पुन्हा ३८, पुन्हा ५५. दुपारचा नवा तास, म्हणून दुसरे १.७५. दिवसभराचे माणशी ३.५० पौंड, चार बस. आणखी कितीही हिंडलो असतो तरी बसचे तेव्हा दिवसाला ५.२५ च्या वर कापले जात नव्हते, म्हणजे तीन भाड्यांनंतर सगळं मोफत.

तिसरा दिवस, सोमवार

साडेनऊनंतर निघालो. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात ही गर्दीची वेळ, तेव्हा गाडीचं भाडं जास्त.

यूस्टनला व्हिक्टोरिया लाइन सोडून नॉर्दर्न लाइन घेतली आणि चॉक फार्मला उतरलो. तिथून चालत १०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं. शांत रस्ता, एकसारखी उंच घरं. आत गेल्यावर ह्यांनी चपला बाहेर काढाव्यात का म्हणून विचारलं. नागपूरहून आलेलं एक कुटुंब होतं, आजोबा खोलीच्या उंबऱ्याशी हात जोडून बराच वेळ उभे होते. मी बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसले. पैशांची ओढाताण असलेला एक विद्यार्थी इथून रोज ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचा. त्याच्या प्रवासाचा हिशोब कसा असेल, हेच डोक्यात येत राहिलं.

तिथून होबर्न, कॉलेजची इमारत बाहेरून पाहिली. मग वेस्टमिन्स्टर, नदी. साडेपाचला भर गर्दीत परत. संध्याकाळी वॉल्थमस्टोच्या मशिनवर कार्ड लावून दिवसभराचा हिशोब बघितला. शेवटच्या प्रवासाचे पूर्ण पैसे कापलेच नव्हते. झोन म्हणजे भाड्यासाठी शहराच्या मध्यापासून बाहेर आखलेले पट्टे. झोन एक ते तीनची दिवसाची मर्यादा तेव्हा १०.५० पौंड, ती गाठली आणि कापणं थांबलं. अशी आठवड्याचीही मर्यादा असते, सोमवार ते रविवार. आपल्याला आधी ठरवून पास काढावा लागत नाही, कार्ड मागून हिशोब करून पासाइतकंच घेतं. महिन्याच्या सुरुवातीला हातात पैसे नाहीत म्हणून तिमाही पास न काढता रोज रिटर्न तिकीट काढणाऱ्या, आणि त्यामुळे एकूण जास्त पैसे भरणाऱ्या माझ्या डब्यातल्या मैत्रिणी मला आठवल्या.

चौथा दिवस, मंगळवार

आज क्यू गार्डन्स ही झाडांची मोठी बाग, आणि ज्याच्यासाठी मी खरं तर हे लिहायला घेतलं तो गुलाबी रीडर, म्हणजे कार्ड टेकवायचं यंत्र.

भाचीने सकाळी चहा पिता पिता कागदावर नकाशा काढला. वॉल्थमस्टो तिसऱ्या झोनमध्ये. क्यू गार्डन्सचं स्टेशन तिसऱ्या-चौथ्याच्या सीमेवर, शहराच्या अगदी दुसऱ्या बाजूला. जायचे दोन रस्ते. एक, शहराच्या पोटातून, म्हणजे पहिल्या झोनमधून. दुसरा, हायबरी अँड इझलिंग्टनला उतरून ओव्हरग्राउंडची, म्हणजे तिथल्या जमिनीवरच्या लोकलची, मिल्डमे लाइन घ्यायची, ती मधला भाग टाळून वरच्या अंगाने वळसा घालून जाते. पहिला झोन सगळ्यांत महाग, तो टाळला की भाडं कमी.

“पण मावशी, गेटला काय माहीत तू कुठून आलीस?” भाचीने विचारलं.

खरंच की. कार्ड फक्त दोनदा टेकवायचं, आत जाताना आणि बाहेर पडताना. मधल्या रस्त्याचा पुरावा काय? पुरावा नसेल तर अशा प्रवासात यंत्र महागडा रस्ता धरून चालतं.

“म्हणून मध्ये गुलाबी रीडर असतो. हायबरीला गाडी बदलताना त्यावर कार्ड टेकवायचं. पैसे कापले जात नाहीत. तू इथून गेलीस एवढी नोंद होते. काका, तुम्हीपण विसरू नका हं.”

हायबरीला व्हिक्टोरिया लाइनच्या फलाटावरून निघालो आणि माझे डोळे तो गुलाबी गोल शोधायला लागले. लोक झपाझप चालत होते. पिवळा नाही, गेट नाही, अडवणारं काहीच नाही, त्यामुळे न बघता पुढे जाणं अगदी सोपं. दिसला. कमरेएवढ्या उंचीचा खांब, त्यावर गुलाबी चकती. मी कडेला झाले, मागच्यांना जाऊ दिलं आणि कार्ड टेकवलं. तोच टुक् आवाज. ह्यांनीही टेकवलं. एक मुलगी न थांबता, चालता चालता हात बाजूला करून टेकवून गेली. रोजची असणार. आपल्याकडे गाडी थांबायच्या आत दारातून बरोबर फलाटावर उतरणाऱ्या बायका असतात ना, तसा तिचा हात.

तिथे उभी असताना मला एकदम जाणवलं की हे तर माझ्या पासावरचं ‘व्हाया दादर’ आहे. मी कुठून कुठे गेले एवढंच पुरत नाही, कुठून गेले हेही भाड्यात धरलेलं. फरक इतकाच की ते छापलेलं होतं, सहा महिने आधी ठरलेलं, आणि हे मी त्या क्षणी हाताने सांगते. मुंबईच्या लोकलने ही गोष्ट फार पूर्वीपासून जमवलेली आहे. दोन वेगळ्या रेल्वे, एक तिकीट. जी गोष्ट दादरच्या पुलावर जमते ती घाटकोपरला लोकलमधून मेट्रोत जाताना का जमू नये, स्टेशनबाहेरच्या बसपर्यंत का पोचू नये? तेव्हा तिथे मध्ये एकच भिंत होती. या बाजूला एक तिकीट, त्या बाजूला दुसरं.

क्यू गार्डन्स सुंदर आहे. काचेच्या पाम हाऊसमध्ये आपल्याकडची केळ आणि नारळ पाहून ह्यांना घाम आला आणि बरंही वाटलं. संध्याकाळी परत तोच रस्ता, परत गुलाबी.

पाचवा दिवस, बुधवार

ग्रिनिचला गेलो. बँक स्टेशनला डीएलआर नावाची विनाड्रायव्हरची गाडी घेतली, सगळ्यांत पुढे बसलो आणि कटी सार्कला उतरलो. तिथे गेटं दिसली नाहीत, रीडर होते. ह्यांचं पाकीट जाड. त्यात ऑयस्टर आणि बँकेचं कार्ड शेजारी शेजारी. ह्यांनी अख्खं पाकीटच टेकवलं. टुक् झालं, आम्ही वर गेलो, रेखांशाच्या रेषेवर दोन पाय दोन गोलार्धांत ठेवून फोटोही काढला.

रात्री भाचीने बघितलं तेव्हा कळलं. आत जाताना ऑयस्टर, बाहेर येताना बँकेचं कार्ड. यंत्राच्या दृष्टीने एक माणूस आत गेला तो बाहेरच आला नाही, आणि दुसरा आत न जाता बाहेर आला. दोन्ही प्रवास अर्धवट, दोन्हींना कमाल भाडं. ह्यांचा चेहरा उतरला. पैशापेक्षा आपल्या हातून चूक झाली याचं त्यांना फार लागलं. भाचीने कार्डं तिच्या खात्यात नोंदवलेली होती, तिथून अर्ज केला, कुठे उतरलो ते लिहिलं. ऑयस्टरचे पैसे दोन दिवसांनी स्टेशनवर कार्ड टेकवताना परत जमा झाले, बँकेचेही आले. तेव्हापासून ऑयस्टर ह्यांच्या शर्टाच्या खिशात, एकटं. जाणाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासूनच करावं. आणि फोनने टेकवत असाल तर सगळीकडे फोनच, कारण तेच कार्ड फोनमध्ये असलं तरी यंत्र त्याला वेगळं धरतं.

येताना बोटीने आलो. नदीवरच्या बोटींना ऑयस्टर चालतं, पण दिवसाच्या मर्यादेत ते पैसे धरत नाहीत.

गुरुवार ते शनिवार जवळपासच. वॉल्थमस्टोचा रस्त्यावरचा बाजार भला लांबलचक, तिथे भेंडी आणि कोथिंबीर दोन्ही मिळाली.

नववा दिवस, रविवार

आज महाराष्ट्र मंडळ. १९३२ मध्ये न. चिं. केळकरांनी स्थापलेलं. इमारत डॉलिस हिलला, वायव्य लंडनमध्ये. पुन्हा पहिला झोन टाळून जायचा रस्ता मी स्वतः नकाशावर शोधला, भाचीला न विचारता. वॉल्थमस्टो क्वीन्स रोडवरून सफ्रजेट लाइन, गॉस्पेल ओकला मिल्डमे, वेस्ट हॅम्पस्टेडला ज्युबिली लाइन. सफ्रजेट म्हणजे मताधिकारासाठी लढलेल्या बायका. २०२४ मध्ये ओव्हरग्राउंडच्या सहा मार्गांना नावं दिली त्यातलं हे एक. वाटेत अप्पर हॉलोवे लागलं, तिथून जवळच हायगेटचं क्रॉमवेल अव्हेन्यू, जिथे श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये इंडिया हाऊस उघडलं आणि पुढे सावरकर राहिले. या खेपेला उतरायला जमलं नाही.

वेस्ट हॅम्पस्टेडला गंमत आहे. ओव्हरग्राउंडचं स्टेशन वेगळं आणि ज्युबिलीचं वेगळं. एकातून कार्ड टेकवून पूर्ण बाहेर रस्त्यावर यायचं, भाजीची दुकानं, कॉफीचा वास, बाबागाड्या, आणि दोन मिनिटं चालून दुसऱ्या स्टेशनात टेकवून शिरायचं. दारं दोन, पण ठरलेल्या वेळेत शिरलं तर यंत्र त्याला एकच प्रवास समजतं. ह्यांना कॉफी घ्यायची होती. मी म्हटलं, आधी आत चला, कॉफी मंडळात.

मंडळात चहा मिळाला, आणि बटाटेवडा. शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा होते, मूळ गिरगावचे, सत्तरच्या दशकात आलेले. मी गुलाबी रीडरचं कौतुक करत होते ते त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, हे यंत्राचं कौतुक नाही. आधी हिशोब बदलला, यंत्र मागून आलं.” मग त्यांनी सांगितलं. १९८१ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शहराच्या कारभारी संस्थेने, भाडी कमी केली आणि झोन पाडले. ब्रॉमली या उपनगराची कौन्सिल कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे भुयारी रेल्वे नाही, मग स्वस्त भाड्यांसाठीचा कर आम्ही का भरायचा? प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांपर्यंत गेलं आणि स्वस्त भाडी रद्द झाली. पण झोनची कल्पना टिकली. १९८३ मध्ये ट्रॅव्हलकार्ड आलं, बस आणि भुयारी रेल्वे दोन्हींना चालणारं एकच कागदी कार्ड. “ऑयस्टर २००३ ला आलं. म्हणजे वीस वर्षं हे सगळं कागदावर चाललं होतं. मी वापरलंय.”

वीस वर्षं कागदावर. मी माझ्या पासाबद्दल त्यांना सांगितलं. त्यांनाही ‘व्हाया दादर’ आठवत होतं, ते कॉलेजला माटुंग्याला जायचे.

निघायचा दिवस

कार्डात चार पौंड आणि काही पेन्स उरले. मशिनवर तेवढे परत घेता आले असते, पण ऑयस्टरमधल्या पैशाला मुदत नाही, आणि दिवाळीला भाचीचे सासू-सासरे नाशिकहून येणार होते. दोन्ही कार्डं तिच्याकडे ठेवली. माझ्या कार्डाच्या पाकिटात एक चिठ्ठी घालून ठेवलीय:

“एका वेळी एकच कार्ड बाहेर काढा. बसमध्ये चढल्याची वेळ लक्षात ठेवा. क्यूला जाताना हायबरीला गुलाबी रीडर, कमरेएवढा खांब. घाईत दिसत नाही, कडेला थांबून शोधा.”